घरातल्या खुनाचा निकाल आणि ग्रुपवरचे फटाके

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, मूळ मजकूर बराच मोठा आहे. चार वर्षांपूर्वी प्रश्न विचारणाऱ्यांच्या सोसायटीतल्या एका बाईंचा राहत्या घरात खून झाला. गेल्या आठवड्यात सेशन कोर्टाने नवऱ्याला दोषी धरून जन्मठेप दिली. सोसायटीच्या ग्रुपवर 'अखेर न्याय मिळाला'चा पाऊस पडला, फटाक्यांचे स्टिकर आले, 'फाशीच हवी होती' हेही झालं. त्या नवराबायकोची एकोणीस वर्षांची मुलगी वडिलांच्या आईबरोबर त्याच फ्लॅटमध्ये राहते. तीही ग्रुपवर होती. रात्री साडेअकराला ती ग्रुप सोडून गेली. प्रश्न विचारणारे गृहस्थ ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत. 2013 साली नोएडातल्या आरुषी तलवारच्या खुनाबद्दल तिच्या आईवडिलांना शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या घरी सगळे म्हणाले, 'वाटलंच होतं'. 2017 साली ते सुटले तेव्हा तीच माणसं म्हणाली, 'पैसा बोलला'. हे आठवून ते विचारतात, की कोर्टाचा निकाल मानायचा की नाही? आणि मानला, तर आनंद व्यक्त करण्यात चुकलं कुठे?

मी 26 वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं चालवते. त्यातली सहा वर्षं सरकार पक्षाकडून, बाकी बहुतेक आरोपीकडून. त्यामुळे शिव्या दोन्ही बाजूंच्या खाल्ल्या आहेत.

निकाल मानायचा का, याचं उत्तर सोपं आहे. मानायचा. वरच्या कोर्टाने फिरवला नाही तोवर तो माणूस कायद्याने दोषी आहे. 'अजून हायकोर्ट आहे' म्हणून खालचा निकाल नसल्यासारखा धरता येत नाही. खाली झालेली शिक्षा वर जशीच्या तशी कायम झालेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे, काही माझ्याच अपिलांत. तुमच्या प्रकरणाचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून त्या नवऱ्याने खरंच खून केला का, यावर मी एक अक्षर बोलणार नाही.

मला वाटतं, तुम्हाला बोचतंय ते दुसरंच. कोर्टाने एका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि ग्रुपने ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर समजून साजरं केलं.

कोर्टापुढचा प्रश्न फार अरुंद असतो. पुराव्यावरून हा आरोपी गुन्हेगार 'असू शकेल' एवढंच दिसतंय, की तो गुन्हेगार 'असलाच पाहिजे' इथपर्यंत पोचता येतंय? सर्वोच्च न्यायालयाने हा फरक 1973 साली आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात, शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, सांगितला आणि तेव्हापासून आम्ही तो रोज कोर्टात घोकतो. आपण घरी, कट्ट्यावर, ग्रुपवर जे बोलतो ते सगळं 'असू शकेल' या खोलीत बसून बोलतो. त्यात पाप नाही. पण कोर्टाने 'असलाच पाहिजे' म्हटलं, की आपल्याला वाटतं आपल्याच 'असू शकेल'वर शिक्का बसला. 'मी म्हटलंच होतं' येतं ते तिथून.

पुण्याचंच उदाहरण घ्या. जून 1982 मध्ये एका नवविवाहितेचा तिच्या राहत्या फ्लॅटमध्ये सायनाइडने मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत सासरच्या दुःखाचे उल्लेख होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, कारण तिने स्वतः विष घेतलं असण्याची शक्यता पुराव्याने पुसली जात नव्हती. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं त्या निकालात आहेत. आम्ही त्यांना पंचशील म्हणतो, आणि आज देशात कुठेही प्रत्यक्षदर्शी नसलेला खटला चालला की हा निकाल पुढे ठेवला जातो. दोन कोर्टांनी फाशी दिलेला माणूस तिसऱ्यात सुटला. पहिल्या निकालाच्या दिवशी ज्यांनी पेढे वाटले असतील त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे ती पत्रं होती, आणि वाचताना पोटात कालवलं असणारच.

आता घरातल्या खुनाची खास अडचण. रस्त्यावर खून झाला तर पानवाला असतो, रिक्षावाला असतो, कॅमेरा असतो. घरात दार लावलेलं असतं आणि आत जे होते त्यातलं एक माणूस मेलेलं असतं. म्हणून पुरावा कायद्यात कलम 106 होतं, नव्या कायद्यात ते 109 आहे. जी गोष्ट खास तुम्हालाच माहीत असणार, तिचा खुलासा तुम्ही करायचा, असं ते कलम सांगतं. 2006 साली त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की चार भिंतींआड घडलेल्या गुन्ह्यात सरकार पक्षाकडून बाहेरच्या गुन्ह्याइतक्या पुराव्याची अपेक्षा धरता येणार नाही, घरातल्यांनी खुलासा दिला पाहिजे. मी सरकार पक्षात असताना या निकालाच्या जोरावर कामं चालवली आहेत. हे कलम नसतं तर कितीतरी सुना नुसत्या 'पाय घसरून' मेल्या असत्या.

पण हे कलम म्हणजे गुन्हा सिद्ध करण्याची पळवाट नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1956 पासून सांगून ठेवलंय. आधी सरकार पक्षाने साखळी जोडायची. घरात त्या वेळी हेच होते, बाहेरचा कुणी येऊ शकत नव्हता, हे दाखवायचं. मग खुलासा मागायचा. क्रम उलटा केला तर गप्प बसलेला प्रत्येक माणूस खुनी ठरेल.

आरुषी प्रकरण नेमकं या फटीत अडकलं. 16 मे 2008 च्या सकाळी नोएडातल्या जलवायू विहारमधल्या फ्लॅटमध्ये तिचा मृतदेह सापडला. चौदावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. पोलिसांचा पहिला संशय घरकामाला असलेल्या हेमराजवर, आणि तो दुसऱ्या दिवशी गच्चीवर मेलेला सापडला. गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि पहिल्या दिवशी ते उघडलंच गेलं नव्हतं. आठवडाभरात वडिलांना अटक झाली. पोलिसांच्या पत्रकार परिषदेत त्या पोरीच्या चारित्र्यावर वाटेल ते बोललं गेलं, तिचं नावसुद्धा चुकीचं घेतलं गेलं. तपास सीबीआयकडे गेला, तीन नोकरमाणसं आत गेली आणि सुटली. डिसेंबर 2010 मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. तो मॅजिस्ट्रेटने नाकारला आणि आईवडिलांनाच आरोपी म्हणून बोलावलं. 25 नोव्हेंबर 2013 रोजी गाझियाबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी धरलं, दुसऱ्या दिवशी जन्मठेप. 12 ऑक्टोबर 2017 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. घरात बाहेरचं कुणी आलंच नसणार, ही कडी सरकार पक्षाला जोडता आली नव्हती, आणि ती जोडल्याशिवाय खुलाशाचं ओझं आईवडिलांवर टाकता येत नाही, हा त्यातला कळीचा भाग. खालच्या न्यायाधीशांनी गणिताच्या मास्तरासारखं उत्तर आधी धरून प्रकरण सोडवलं, अशा अर्थाचे कडक शेरेही त्या निकालात आहेत.

'पैसा बोलला' म्हणणाऱ्यांपैकी हे किती जणांनी वाचलं असेल? आणि 2013 मध्ये 'वाटलंच होतं' म्हणणाऱ्यांपैकी तरी किती जणांनी तो पहिला निकाल वाचला होता? दोन्ही वेळा लोक वाहिन्यांवर पाहिलेल्या चेहऱ्यांबद्दल बोलत होते. आईने टीव्हीवर मुलाखत दिली आणि ती रडली नाही, हा त्या काळातला सगळ्यात मोठा पुरावा होता. माझ्या सासूबाई, देवमाणूस, त्या मुलाखतीनंतर म्हणाल्या, 'पोटची पोर गेली आणि बाई पदर सावरतेय.' मी त्यांना सांगितलं, की माझ्या पक्षकारांमध्ये धाय मोकलून रडणारेही दोषी निघालेत आणि दगडासारखे बसलेले निर्दोष. त्या म्हणाल्या, 'तू वकील आहेस, तू असंच बोलणार.' विषय संपला.

कुटुंबातल्या खुनावर माणूस स्वतःच्या घराची फूटपट्टी लावतो, असं मला वाटतं. बँकेच्या दरोड्याबद्दल आपल्याला मत नसतं, कारण आपण बँक लुटलेली नसते. पण आई कशी रडते, नवरा कसा वागतो, सून कशी राहते, यातले आपण सगळे जाणकार. म्हणून मत पक्कं असतं, आणि निकाल त्या मताविरुद्ध गेला की कोर्ट विकलं गेलेलं असतं.

हे फक्त 'शिक्षा हवी' याच बाजूला होतं असं नाही. मार्च 2010 मध्ये हरियाणात कर्नालच्या कोर्टाने मनोज आणि बबली या एकाच गोत्रातल्या जोडप्याच्या खुनाबद्दल मुलीच्या घरच्या पाच जणांना फाशी दिली. भाऊ, काका, चुलतभाऊ असे सगळे घरातलेच. पंधरवड्यात कुरुक्षेत्रात खापांची, म्हणजे तिथल्या गोत्रपंचायतींची, महापंचायत भरली, ती दोषींच्या पाठीशी उभी राहायला आणि सगोत्र विवाहावर बंदीसाठी हिंदू विवाह कायदा बदला म्हणायला. तिथेही 'लोकभावना'च होती. पुढल्या वर्षी उच्च न्यायालयाने चौघांच्या फाशीची जन्मठेप केली, पाचव्याला आणि खटल्यातल्या पंचायतीच्या पुढाऱ्याला सोडलं. एकाच निकालावर एका गावात मिठाई आणि दुसऱ्यात मोर्चा, आणि दोघांनाही आपण न्यायाच्याच बाजूचे वाटतो.

म्हणून शिक्षा ठरवताना लोकांना काय वाटतं हे धरावं का, यावर सर्वोच्च न्यायालयानेही हात आखडता घेतलेला आहे. 2009 च्या संतोषकुमार बरियार निकालात, तोही महाराष्ट्रातलाच, फाशीसाठीच्या 'दुर्मिळातली दुर्मीळ' कसोटीत लोकमत बसवणं कसं अवघड आहे याची चर्चा आहे. तुमच्या ग्रुपवरच्या 'फाशीच हवी होती'वाल्यांसाठी एवढंच, की खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे. मरेपर्यंत. चौदा वर्षांनंतर सरकार सूट देण्याचा विचार करू शकतं, देईलच असं नाही.

आता एक जुनं काम सांगते. तपशील बदललेत, गाव सांगत नाही. मुलाने बापाचा खून केल्याचा खटला, मी आरोपीकडून. फिर्याद आईची, म्हणजे पोलिसांच्या कागदावर ती सरकार पक्षाची पहिली साक्षीदार आणि आरोपीची आई. साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, 'मी झोपेत होते, मला काही दिसलं नाही.' फितूर घोषित झाली. पेपरात आलं, 'आईच फितूर'. लोक म्हणाले, पोराने पैसे चारले. पोराकडे माझी फी द्यायला पैसे नव्हते, चारणार कुठून? घरातल्या खुनात साक्षीदार फितूर होतो तेव्हा बहुतेकदा त्याचं कारण इतकं साधं असतं, की एक गेला, आता दुसराही आपल्या तोंडून जायला नको. (वाटणीचं कारणही असतं, नाकारत नाही. पण खून करणाऱ्याला मेलेल्याचा वारसा मिळत नाही, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 25. हे कळल्यावर फितूर व्हायला निघालेले दोन दीर परत सरळ झालेलेही मी पाहिलेत.)

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी मुलाला पिंजऱ्यातून पुढे बोलावलं आणि सांगितलं, गुन्हा सिद्ध झालाय, शिक्षेबाबत काही सांगायचंय का. त्याला वाटलं विचारतायत म्हणजे अजून काहीतरी बाकी आहे. तो म्हणाला, 'साहेब, मला घरी जाऊ द्या.' मागे बाकावर आई स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर व्हरांड्यात मेलेल्याच्या भावांनी पेढे आणले होते, तेही मोठा बॉक्स. त्यांच्यातल्या एका पोराला बहुतेक कोण कुठलं माहीत नव्हतं, तो सगळ्यांना वाटत वाटत आला आणि त्याने एक पेढा तिच्याही हातावर ठेवला. तिने तो घेतला. टाकला नाही, खाल्ला नाही, मुठीत धरला. मला म्हणाली, 'मॅडम, आता डबा कुठं द्यायचा?' तोवर तारखेला ती पोलिसांच्या हातापाया पडून त्याला दोन घास खायला घालायची. शिक्षा झाल्यावर तेही बंद झालं. बोलताना ती मूठ हलवत होती आणि बोटांच्या फटीतून पेढ्याचा भुगा पडत होता.

त्या केसमध्ये शिक्षा बरोबर होती. मी त्याची वकील होते तरी म्हणते. हायकोर्टातही ती टिकली. म्हणजे पेढे वाटणाऱ्या चुलत्यांचं निकालाबद्दल काही चुकलेलं नव्हतं.

तुमच्या ग्रुपचंही तसंच असेल. निकाल बरोबर असेल, बाईंना न्याय मिळालाही असेल. फक्त घरातल्या खुनात मेलेल्याची बाजू आणि मारणाऱ्याची बाजू अशी दोन घरं नसतात. तुम्ही ज्या आईसाठी फटाके लावले, तिचीच मुलगी तो मेसेज वाचत होती, आणि त्याच मेसेजमध्ये तिचा बाप होता. ती बापाला निर्दोष मानते की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. कदाचित तिलाही माहीत नसेल. तिची साक्ष झाली असेल तर त्याचा प्रत्येक शब्द तिला पाठ असेल.

तिला नेमकं काय उपयोगी पडेल ते सांगते, कारण तेवढंच माझ्या अखत्यारीत आहे. शिक्षा झाली की आरोपीला निकालपत्राची प्रत लगेच आणि फुकट मिळते. कुटुंबालाही नक्कल काढता येते आणि बहुतेक निकाल ई-कोर्टच्या साइटवर दिसतात. जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला साठ दिवस आहेत. उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. खासगी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं, आणि तुरुंगातूनही अपील पाठवता येतं. अपील करावं की नाही हे तिला सांगायला जाऊ नका. आजी करायचं म्हणेल, मुलगी गप्प बसेल किंवा उलट, तो त्या घराचा प्रश्न आहे. खटल्याच्या काळात तिला सरकारी वकिलांकडून किंवा विधी सेवेकडून समुपदेशन, नुकसानभरपाई वगैरे काही मिळालं का, हे मात्र कुणीतरी जवळच्या बाईने एकदा हळूच विचारावं. पीडितांच्या वारसांसाठी राज्याची पीडित नुकसानभरपाई योजनाही आहे. ती कोणत्या गुन्ह्यांना लागू होते हे प्रकरणागणिक बदलतं, त्यामुळे प्राधिकरणातच विचारलेलं बरं.

आणि तुम्ही अ‍ॅडमिन आहात, तर दोन कामं. फटाक्यांचे मेसेज सगळ्यांसाठी अजून काढता येत असतील, तर ते काढा. त्यावर चर्चा नको, माफीनाम्याची पोस्टही नको. तिला विचारल्याशिवाय परत ग्रुपमध्ये घेऊ नका. पण ग्रुप सोडल्यामुळे टँकर कधी येणार, लिफ्ट कुठल्या दिवशी बंद, मेंटेनन्स कधी भरायचा, हे तिला आणि आजीला आता कळणार नाही. ते निरोप तिच्या नंबरवर वेगळे पाठवत जा, निव्वळ तेवढेच, खाली हात जोडलेले न टाकता.